कात्रणाची मागची बाजू

गुरुग्राम,
रविवार, ८ जानेवारी २०२३

चि. सौ. सुमित्रास, दादाचे आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा फोन सध्या आमच्या चिरंजीवांच्या, श्यामच्या कपाटात आहे आणि तो मीच त्याला ठेवायला दिलाय, म्हणून हे पत्र.

झालं काय, सोमवारी सकाळी मी आमच्या टॉवरच्या ग्रुपवर एक बातमी पुढे ढकलली. पाण्याच्या टाकीत विषारी औषध, तिघं दवाखान्यात. टॉवरचं नाव डिट्टो आमचंच. झालं! सतरा मजले, अडुसष्ट घरं, दिवसभर कुणी नळाला हात लावला नाही. बाटल्यांचे खोके लिफ्टमधून वर येताहेत, म्हातारे बिनआंघोळीचे बसलेत. संध्याकाळी खालच्या सिक्युरिटीवाल्याने हात जोडून विचारलं, "अंकल जी, अब पानी पी सकते हैं?" तोवर कुणीतरी शोधून काढलं होतं. बातमी चार वर्षांपूर्वीची, तीही दुसऱ्याच शहरातली.

सुमे, छत्तीस वर्षं मी सरकारच्या कात्रण विभागात काढली. रोज सकाळी बावीस पेपर. तारखेचा शिक्का मारल्याशिवाय एक चिटोरं माझ्या टेबलावरून हललं नाही. आणि मी, मीच, बिनतारखेची बातमी अडुसष्ट घरांत वाटली! लाजेनं मेल्यासारखं झालं. डॉक्टरांकडे गेलो तर ब्लडप्रेशर एकशे नव्वद. ते म्हणाले, बातम्या बंद, आणि थंडी संपून ब्लडप्रेशर दीडशेच्या खाली येईपर्यंत घराबाहेर पडणं बंद.

मग मोजदाद केली. पाच पेपर, चार चॅनेल, एकतीस ग्रुप. अलकनंदा म्हणाली, "आजोबा, तुम्ही फोन बघताना मी काहीही बोलून बघते. काल मी म्हटलं, शाळेत शेर आला. तुम्ही म्हणालात, अच्छा." नऊ वर्षांची नात माझी परीक्षा घेते आणि मी नापास होतो.

तर आता तू माझा कात्रण विभाग. दर शनिवारी एक पत्र, त्यात आठवड्याच्या दहा बातम्या, हवं तर कात्रण चिकटव. काय निवडायचं ते आमच्या ऑफिसातल्या राजाभाऊंनी पहिल्या दिवशी मला शिकवलं होतं. बातमी हातात आली की एकच विचारायचं, साहेब यावर काही करणार आहेत का? असतील तर कात्री, नसतील तर रद्दी.

शशिकांतरावांना नमस्कार. त्यांचा तो शिळा पेपर वेळेवर, म्हणजे दोन दिवस उशिरा, येतोय ना?

तुझा,
दादा


पहाडगंज,
शनिवार, १४ जानेवारी

दादा, नमस्कार.

हसू आवरेना. आणि मग वाईटही वाटलं. बिल्कुल करीन हे काम. चाळीस वर्षं मुलांच्या निबंधांतला पाल्हाळ तांबड्या पेन्सिलीने काढला, आता तुझ्यासाठी जगाचा काढते.

शिळा पेपर म्हणू नकोस, इकडे वाईट वाटतं. हे म्हणतात, "मुंबईचा पेपर दिल्लीत पोचेपर्यंत निम्म्या बातम्या आपोआप खोट्या ठरलेल्या असतात, उरलेल्या निम्म्या वाचायच्या. ताप नाही." एक पेपर, सकाळी दहा ते बारा, शेवटच्या निविदेपर्यंत. मग शब्दकोडं, त्या हिरव्या पेनाने. रेल्वेत हिरवी शाई फक्त साहेबांची, म्हणून रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पेन घेऊन आले. "आता मला कोण अडवतंय?"

कोडं सोडवून झाल्याशिवाय मला कात्री लावू देत नाहीत. त्यामुळे तुझ्या कात्रणांच्या पाठीवर हिरवी अक्षरं दिसतील, चालवून घे.

बातम्या. इकडच्या शेजाऱ्यांच्या हिंदी पेपरातून उतरवल्या, कात्रणं यांच्या पेपरातली. पेन्शनरांच्या दवाखान्याची वेळ आता साडेसात. तुमच्या भागात गुरुवारी चार तास वीज नाही. धुक्यामुळे गाड्या उशिरा, तुला कुठे जायचं नाहीच. आणि घरची एक, इंदूरची प्रभामावशी मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सुखरूप आहे.

उद्या संक्रांत. वडी पाकिटात घातली असती, पण पोस्टात तिचा भुगा होईल. गोड बोल आणि बातम्या मागू नकोस.

सुमित्रा


गुरुग्राम,
रविवार, २२ जानेवारी

चि. सुमे,

पंधरा दिवस झाले. पहिले चार दिवस हात खिशात जायचा आणि मोकळाच परत यायचा. आता सकाळी बाल्कनीत नुसता बसतो. अलकनंदा पाढे म्हणते, मी चुका काढतो. काल ती मुद्दाम म्हणाली, "शाळेत शेर आला." मी म्हटलं, "कितवीत बसवला?" पास केलं मला.

तुझं काम बाकी फर्स्ट क्लास. एकच तक्रार. मावशीच्या खुब्याने माझे दोन दिवस खाल्ले. जेवण जाईना, ब्लडप्रेशर पुन्हा एकशे ऐंशी, सूनबाई नीला माझ्यामागे मशीन घेऊन फिरतेय. आता सांग, सतराव्या मजल्यावर बसून मी इंदूरच्या खुब्याचं काय करणार? नियम तो नियम. ज्यात माझ्या हातून काही होण्यासारखं नाही, ते मला कळवूच नकोस. बाहेरचं नको आणि घरचंही नको. वाईट वाटून घेऊ नकोस, मी आता जरा माणसात येतोय.

शशिकांतरावांचं कोडं मागच्या बाजूने वाचलं. आडवा सात चुकलाय, सांग त्यांना.

दादा


पहाडगंज,
शनिवार, ११ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

दोन शनिवार चुकले, माफ कर. सवड झाली नाही.

बातम्या. बँकेत नवीन सही द्यायची आहे, महिन्याअखेर मुदत, श्यामला सोबत ने. तुमच्या बाजूच्या मेट्रोच्या जिन्याचं काम निघालंय, दुसऱ्या बाजूने जावं लागेल. गाजरं उतरली. सात कात्रणं जोडली आहेत.

औषधं वेळेवर घे. अलकनंदाला पापा.

सुमित्रा


गुरुग्राम,
रविवार, १९ फेब्रुवारी

चि. सुमे,

पत्र पोचलं. नियमाबरहुकूम. पण इतकं कोरडं की मला वाटलं ऑफिसातून मेमो आला. शशिकांतरावांचं नाव एकदाही नाही. आडव्या सातचं उत्तरही नाही.

आठवडाभर विचार केला आणि आलं लक्षात. ते माझ्यावर रुसलेत. नोव्हेंबरात अलकनंदाच्या वाढदिवसाला मी चारचौघांत बोललो होतो, "आमचे मेहुणे परवाचा पेपर आज वाचतात. उद्या मेले तर त्यांना परवा कळेल." सगळे खो खो हसले, तेही हसले. पण जेवताना बोलले नाहीत, ते मी बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं.

सुमे, माझी जीभ आहेच अशी. हे पत्र त्यांना दे. शशिकांतराव, चुकलो. तुम्ही एक पेपर वाचून सुखी राहिलात आणि मी बावीस वाचून अडुसष्ट घरांना तहानलेलं ठेवलं, यात शहाणा कोण ते स्पष्ट आहे. राग सोडा.

थंडी उतरलीय. पुढच्या रविवारी येऊ का? समोर बसून माफी मागतो.

दादा


पहाडगंज,
शनिवार, २५ फेब्रुवारी

दादा,

हे तुझ्यावर रागावलेले नाहीत. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं.

रविवारी येऊ नकोस. ब्लडप्रेशर दीडशेच्या खाली आल्याशिवाय डॉक्टरांनी बाहेर पडू नको म्हटलंय ना, मग ऐकावं माणसाने.

सहा कात्रणं जोडली आहेत. होळीचे रंग घरात खेळू देऊ नका, फरशीवर घसरायला होतं.

सुमित्रा


गुरुग्राम,
शनिवार, ४ मार्च

सुमित्रा,

काल दुपारी तुझी सगळी कात्रणं एकत्र लावत होतो. हात रिकामे, दुसरं काम नाही. कात्रण विभागातला माणूस कात्रण आधी उलटं करून बघतो. पाठीवरून कळतं ते कुठल्या पानाचं, कुठल्या आवृत्तीचं. तशी उलटी करत गेलो.

जानेवारीतल्या कात्रणांमागे हिरवी अक्षरं आहेत. फेब्रुवारीतल्या तेरांपैकी पाचांमागे शब्दकोडं आहे, आणि पाचही कोरी. एक अक्षर नाही. माझ्यावर रुसलेला माणूस कोडं सोडवायचं थांबवत नाही. उलट जास्त जोर लावून सोडवतो.

श्यामला विचारलं तर तो चष्मा पुसायला लागला. नीला स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईना. म्हणजे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही.

फोन मागून घेतला, तुझा नंबर लावला, आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर तू "सगळं ठीक आहे" म्हणशील आणि मला ते खरं मानावं लागेल. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही, लहानपणापासून येत नाही. तुला फक्त गाळता येतं. म्हणून हे पत्र श्यामच्या हाती पाठवतोय, तो उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.

शशिकांतरावांना काय झालंय?

दादा


पहाडगंज,
रविवार, ५ मार्च

दादा,

श्याम बाहेरच्या खोलीत बसलाय. त्याला रागावू नकोस, मीच शपथ घातली होती.

शनिवार, अठ्ठावीस जानेवारी. सव्वाअकरा. हे कोडं सोडवत होते आणि पेन हातातून पडलं. मी म्हटलं, उचला की. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड एका बाजूला गेलं होतं. शेजारच्या हेमलताबाईंची बहीण हिंदूराव हॉस्पिटलात नर्स आहे, तिथे नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला. तीन आठवडे तिथे होतो. आता घरी आहेत. उजवी बाजू गेली आहे आणि वाचा गेली आहे.

तुला कळवायला लिहायला बसले होते, दादा. पहिल्याच दिवशी, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. पर्समध्ये तुझं पत्र होतं. "ज्यात माझ्या हातून काही होण्यासारखं नाही, ते मला कळवूच नकोस. बाहेरचं नको आणि घरचंही नको." ते पुन्हा वाचलं. तू काय करणार होतास? वाचा परत आणणार होतास? मावशीच्या खुब्याने तुझं एकशे ऐंशी झालं, याने काय झालं असतं? आमचं मूलबाळ नाही. हे असे, आणि तुलाही काही झालं असतं तर मी कुणाकडे बघितलं असतं? म्हणून गाळलं. तुझ्याच नियमाने गाळलं.

मग त्याच बाकावर बसून तुझ्यासाठी गाजरांचे भाव लिहिले. तू त्याला मेमो म्हणालास. अरे, आठवड्यातला तेवढाच अर्धा तास मी कुणाची तरी बहीण असायचे.

तुझं माफीचं पत्र खरंच वाचून दाखवलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून येतं ते आपोआप येतं, त्याचा अर्थ नसतो. डाव्यातून आलं.

आता लपवत नाही तर सगळंच सांगते. डॉक्टर म्हणतात, पहिल्या तीन महिन्यांत वाचा आली तर आली. सतत बोलत राहा त्यांच्याशी. दादा, मी चाळीस वर्षं वर्गात बोलले, पण आता मला बोलता येत नाही. आंघोळ, औषधं, चादरी, भरवणं, यातून बोलायला बसले की रडू फुटतं, आणि मला रडताना बघून ते भिंतीकडे तोंड फिरवतात. पाच आठवडे संपले. दिवस जाताहेत आणि मी गप्प आहे. मी फार दमले रे.

सुमित्रा


गुरुग्राम,
मंगळवार, १४ मार्च

दादा,

तुझ्याच टेबलावर बसून लिहितेय. मागच्या आठवड्यात सोमवारी तू बॅग घेऊन दारात उभा राहिलास, माझी पिशवी भरलीस आणि मला श्यामच्या गाडीत जवळजवळ कोंबलंस, तेव्हा मी तुला काय काय बोलले ते विसरून जा. इथे आले आणि चौदा तास झोपले. उठले तर अलकनंदा उशाशी बसली होती. म्हणाली, "आत्या-आजी, मी टीव्हीचा आवाज बंद करून ठेवलाय."

आठवडा होऊन गेला. नीला पलंगावरून उतरू देत नाही. मला मात्र जेवताना घास उचलला की आठवतं, त्यांना डाव्या गालाने भरवायचं, तुला सांगितलंय ना? गोळ्या चुरून द्यायच्या. पाठीला पावडर. तुझं स्वतःचं औषध घेतोस का?

तू म्हणालास, फोन करू नकोस, मी लिहीन. मग लिही की. एक ओळ लिही. ते अजून भिंतीकडे तोंड करतात का?

सुमित्रा


पहाडगंज,
रविवार, १९ मार्च

चि. सुमे,

तुला खरं तेच लिहितो, पहिल्यापासून.

पहिले तीन दिवस मी नापास. डॉक्टरांनी बोला म्हटलं म्हणून पेपर घेऊन बसलो आणि ऑफिसात वाचायचो तसा वाचला. सगळे मथळे, पंधरा मिनिटांत, इकडून तिकडे. शशीने भिंतीकडे तोंड केलं. (होय, शशी. पाठ चोळून देणाऱ्याने राव किती दिवस लावायचं?) दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला संताप आला. म्हटलं, यार, तुझ्यासाठी मी घसा कोरडा करतोय, निदान बघ तरी! मग कळलं की मी त्याच्याशी बोलतच नव्हतो. मी त्याच्या अंगावर बातम्या टाकत होतो.

चौथ्या दिवसापासून एकच बातमी. त्याचाच पेपर, दोन दिवसांपूर्वीचा. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, सावकाश. नागपूरकडच्या एका गावात शाळेची घंटा चोरीला गेली, ती सापडली कशी, ते वाचलं. मधे थांबून म्हटलं, घंटा चोरून कुणी काय करील रे? त्याने मान वळवली. माझ्याकडे बघितलं. सुमे, इतकी वर्षं रोज बावीस पेपर चाळले, पण एक बातमी शेवटपर्यंत वाचून तिच्याबद्दल कुणाशी दोन शब्द बोललो, असं मला आठवत नाही. मी मरेपर्यंत साहेबांसाठीच वाचलं असतं.

आणि तो राजाभाऊंचा नियम. सरकारी टेबलावर ठीक होता, मी तो घरात आणला हा माझा गाढवपणा. माझ्या हातून काही होणार नाही ते कळवू नको म्हणे! तू बाकावर एकटी बसलीस त्या तीन आठवड्यांत मी नुसता शेजारी बसलो असतो, तरी ते काहीतरी झालंच असतं ना? मला क्षमा कर. ब्लडप्रेशर वाढलं असतं तर वाढलं असतं. तिथे दवाखाना होताच.

आता आजचं. सकाळी हेमलताबाई खिमट घेऊन आल्या. शशीने चार घास छान घेतले. मला चेव आला. ठरलेली एक बातमी झाली, मग कांद्याची वाचली, मग महापालिकेच्या अर्थसंकल्पाची, पाच कॉलम, आकड्यांसकट. खोड जात नाही. वाचतोय, वाचतोय, आणि पेपर एकदम खाली झुकला. बघतो तर शशीचा डावा हात पेपरावर. पेपर खाली दाबला, माझ्या डोळ्यांत बघितलं, तोंड दोनदा हललं, आणि म्हणाला,

"पुरे."

मी म्हटलं, काय?

"पुरे!" आणि कपाळाला आठी.

हेमलताबाईंच्या हातातला चमचा पडला. मी हसायला लागलो आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडलो, सत्तरी उलटलेला माणूस. शशी मला बघत होता, आणि या खेपेला त्याने तोंड फिरवलं नाही. मी पेपर घडी करून पलंगाखाली टाकला. मग आम्ही दोघं नुसते बसलो. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता, तेवढंच.

फोन करणार होतो. हेमलताबाईंनी नंबर लावूनही दिला, मीच कापला. कारण त्यानंतर, साधारण अर्ध्या तासाने, तो दाराकडे बघून, हाक मारावी तसा, आणखी एक शब्द बोलला. तो मी फोनवर सांगणार नाही आणि इथे लिहिणारही नाही. मी ऐकला तेवढा चुकून ऐकला. श्याम हे पत्र घेऊन येतोय, त्याला बजावलंय की तुला घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही. पिशवी भरत बसू नकोस, चपला घाल आणि नीघ. तो शब्द तुझा आहे, त्याच्या तोंडून ऐक.

दादा